पावलीच्या खेळाचा हिशोब

१९८० साली मिडवे कंपनीचं पॅकमॅनचं कोरं करकरीत यंत्र अमेरिकेत सुमारे २,४०० डॉलरला मिळायचं. एक खेळ पंचवीस सेंटचा. म्हणजे आपल्या भाषेत पावलीचा. भागाकार करून बघा, ९,६०० पावल्या पडल्या की यंत्राची किंमत वसूल. यंत्र विकत घेणारा ऑपरेटर आणि ते ज्याच्या बारमध्ये किंवा दुकानात ठेवलंय तो मालक गल्ला बहुधा निम्मा-निम्मा वाटून घेत, म्हणून धरा दुप्पट. बऱ्या जागी ठेवलेलं यंत्र काही महिन्यांत पैसे फेडायचं. नंतर वर्ष-दोन वर्षं नफा द्यायचं, आणि पोरांना कंटाळा आला की त्याची रवानगी गोदामात.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे ही यंत्रं टिकायला बनवलेलीच नव्हती. त्यांच्याकडून अपेक्षा होती ती दोन-तीन वर्षं लाथा, सिगारेटी, सांडलेली बिअर आणि फरशी पुसायच्या फडक्याचं पाणी सोसायची. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी लोक ती गोदामांतून, गॅरेजांतून बाहेर काढतात आणि पुन्हा चालती करतात. मंडळी, गेले काही वीकेंड मी जुन्या सर्व्हिस मॅन्युअल्स वाचत या प्रकरणाचा हिशोब मांडतोय. (सवयीने स्प्रेडशीट उघडलीच.) सुरुवातीचा प्रश्न अगदी साधा होता: असं एक यंत्र पूर्ववत करायला खर्च किती येतो? आकडा काढणं फार अवघड नाही. पण ‘पूर्ववत’ म्हणजे नक्की कुठल्या वर्षासारखं, हे ठरवल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही, असं आता माझं मत झालंय.

ज्यांनी ही यंत्रं पाहिलीच नाहीत त्यांच्यासाठी: माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, त्यात काचेमागे टीव्हीसारखा पडदा, छातीच्या खाली बटणं किंवा दांडा, आणि खाली नाणं टाकायची फट. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लीबोळातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हीच कपाटं होती. ‘मुस्तफा’ खेळलेल्यांना जास्त सांगायला नको. (त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम, १९९३. पण ते नाव घेतलं तर अर्ध्या लोकांना कळणार नाही.)

हिशोबासाठी मी एकच यंत्र धरलं, अटारीचं ‘अॅस्टेरॉइड्स’. साल १९७९. कल्पना लाइल रेन्सची, प्रोग्रॅमिंग एड लॉगचं. काळ्या पडद्यावर मधोमध एक त्रिकोणी यान, आजूबाजूला तरंगणारे दगड, ते फोडत सुटायचं. अटारीने याची जवळपास ७०,००० यंत्रं विकली. गल्ले इतके भरायचे की काही ऑपरेटरांना मोठे डबे बसवावे लागले. आत प्रोसेसर कुठला? मॉस टेक्नॉलॉजीचा ६५०२, त्याच जातीचा जो अॅपल टू मध्ये होता, दीड मेगाहर्ट्झवर चालणारा. प्रोग्रॅम सहा किलोबाइटचा, आकृत्यांचा साठा आणखी दोन किलोबाइट. आपल्या कंपनीतल्या मेलच्या सहीतला लोगो याच्यापेक्षा मोठा असतो!

आता एकेक करून खर्च.

लाकूड. बऱ्याच कपाटांना प्लायवुडपेक्षा स्वस्त असा, लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड वापरलेला असे. फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी लागतं, भुसा फुगतो, आणि कपाटाचे पाय बिस्किटासारखे सुटायला लागतात. सुतारकाम येत असेल तर तेवढा भाग कापून नवा जोडता येतो, येत नसेल तर नव्या फळ्या. कडांना लावायची प्लास्टिकची पट्टी नवी मिळते आणि फुटावर विकली जाते, हा खर्च किरकोळ. बाजूंवरची चित्रं मात्र मूळची स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली. आज त्यांच्या हुबेहूब प्रती मिळतात, काही डिजिटल छपाईच्या, काही खरोखर जुन्या पद्धतीने एकेक रंग चढवून केलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या अर्थातच महाग. चित्रं, वरची नावाची उजळणारी पाटी, बटणांच्या भोवतालचं पॅनेल, पट्ट्या, रंग, सगळं धरून माझ्या शीटमध्ये तीन-चारशे डॉलर लागले. इथे पैसे खर्च करायचे की नाही हाच वादाचा मुद्दा आहे, पण त्याकडे नंतर येतो.

वीज. अटारीच्या यंत्रांच्या तळाशी एक जाडजूड निळा कपॅसिटर असतो, छोट्या पाण्याच्या बाटलीएवढा. हौशी मंडळी त्याला ‘बिग ब्लू’ म्हणतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षं सुकत जातं, आणि मग वीज गाळून द्यायच्या ऐवजी तो तिच्यातले हेलकावे तसेच पुढे पाठवतो. नवा कपॅसिटर पंधरा-वीस डॉलरला मिळतो. पण खरी गंमत त्याच्या पुढच्या बोर्डावर आहे. तिथे पाच व्होल्ट कमी-जास्त करायचा एक छोटा स्क्रू असतो. कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या की वाटेत व्होल्टेज पडतं आणि खेळ मधेच रीसेट व्हायला लागतो. अशा वेळी घाईतला मेकॅनिक काय करायचा? पिना घासत बसण्यापेक्षा तो स्क्रू जरा पिळायचा. खेळ चालू, मेकॅनिक पुढच्या बारमध्ये. परत बंद पडला की परत थोडा पीळ. शेवटी पिना जळून कोळसा. म्हणजे आज आपण जे दुरुस्त करतो त्यातलं निम्मं काळाने बिघडवलेलं असतं आणि निम्मं आधीच्या दुरुस्त्यांनी. (जुना कोडबेस हातात घेतलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल.)

याउलट एका गोष्टीसाठी अटारीला मानलं पाहिजे. प्रत्येक यंत्राबरोबर मॅन्युअल आणि मोठ्या कागदांवर छापलेले पूर्ण सर्किटचे नकाशे जायचे. कुठला सिग्नल कुठून कुठे जातो, कुठे किती व्होल्ट दिसले पाहिजेत, सगळं खुलं. ऑपरेटरला यंत्र लवकर चालू करून हवं असे, त्यासाठी ही सोय. पण त्याचा फायदा चाळीस वर्षांनंतरच्या लोकांना होतोय. बोर्डावरच्या बहुतेक चिपा बाजारात मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिपा. एखादी मेली तर डाख काढायचा, दोन डॉलरची नवी बसवायची. मेमरीतला प्रोग्रॅम उडाला असेल तर नवी चिप भरून घ्यायची.

भरायला प्रोग्रॅम कुठून आणायचा? इथे एमएएमई, म्हणजे ‘मेम’ नावाच्या एम्युलेटरचा प्रवेश होतो. इटलीच्या निकोला साल्मोरियाने १९९७च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती बाहेर काढली. जुनी यंत्रं पीसीवर हुबेहूब चालवायची हा उद्देश. त्यासाठी जगभरच्या लोकांनी आपापल्या बोर्डांवरच्या चिपा वाचून त्यातले बाइट्स जमा केले. या गोळा केलेल्या फाइल्सचा कायदेशीर दर्जा अजूनही वादाचा आहे. कंपन्यांचा कॉपीराइट आहेच, आणि ‘आमच्याकडे मूळ यंत्र आहे’ हा युक्तिवाद कितपत टिकेल ते वकील जाणोत. पण आज एखाद्याचा बोर्ड आंधळा झाला तर त्याला पुन्हा दृष्टी येते ती बहुधा याच फाइल्समधून. आणि याच मेमपायी २०००च्या आसपास असंख्य चांगली कपाटं आतून रिकामी केली गेली हेही खरं. मूळ बोर्ड आणि पडदा भंगारात, आत एक पीसी आणि हजार खेळांची यादी. एकाच प्रकल्पाने यंत्रं वाचवली पण आणि संपवली पण.

बॅटरीची गोष्ट सांगायलाच हवी. ‘अॅस्टेरॉइड्स’मध्ये बॅटरी नव्हती, वीज गेली की वरचे स्कोर पुसले जात. विल्यम्स कंपनीच्या ‘डिफेंडर’मध्ये (१९८१) स्कोर टिकवायला तीन साधे पेन्सिल सेल बसवलेले. गोदामात विसरलेल्या यंत्रात ते सेल फुटून पाझरतात आणि खालच्या बोर्डाचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकतात. हे झालं अनवधान. कॅपकॉमने १९९३ मध्ये सीपीएस-२ नावाची बोर्डांची जात आणली, तिथे मात्र जाणूनबुजून होतं. खेळाचा कोड एन्क्रिप्ट केलेला, आणि तो उलगडायची किल्ली बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली गेली, किल्ली गेली की समोर नुसता कोरा पडदा. नकली बोर्ड बनवणाऱ्यांना आवरायला केलेली युक्ती. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘आत्महत्या बॅटरी’. ऑपरेटरने बोर्ड कंपनीकडे पाठवायचा, पैसे मोजायचे आणि जिवंत करून आणायचा अशी व्यवस्था. कंपनी त्या बोर्डांमधून बाहेर पडली की पुढे काय, याचा विचार तेव्हा कुणी केलेला दिसत नाही.

तो विचार हौशी लोकांनी केला. २००१ च्या सुमारास त्यांनी चालू बोर्डालाच कामाला लावून त्याच्याकडून उलगडलेला कोड काढून घ्यायची पद्धत शोधली. २००७ मध्ये आंद्रेआस नाइव्ह या नावाने लिहिणारा संशोधक आणि साल्मोरिया यांनी मूळ अल्गोरिदमच उलगडला. निघाला फाइस्टेल जातीचा, म्हणजे आपण क्रिप्टोग्राफीच्या पहिल्या धड्यात शिकतो त्यातला. २०१६ मध्ये मेलेल्या बोर्डात मूळ किल्ली परत भरायची रीत सापडली, बोर्डाचं काही न बदलता. आज हे काम काही डॉलरच्या मायक्रोकंट्रोलरवर होतं. शीटमध्ये याची किंमत मी दहा डॉलर लिहिली. त्यामागची पंधरा वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची? आपला मुस्तफापण याच पंगतीतला बरं का. त्याच्या अस्सल बोर्डावर आवाजाचा प्रोसेसर अशाच बॅटरीच्या किल्लीवर चालायचा. नकली बोर्डांत ती भानगड नव्हती. त्यामुळे अस्सल मुके झाले आणि नकली आरामात चालत राहिले. चोराच्या पथ्यावर पडणं म्हणतात ते हे.

आता पडदा. सगळ्यात अवघड.

साध्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली एकेक ओळ रंगवत जातो. ‘अॅस्टेरॉइड्स’मध्ये तसं नाही. तिथे झोताला सरळ सांगितलं जातं, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ मार. यान म्हणजे चार-पाच रेघा, दगड म्हणजे दहा-बारा. काळा भाग रंगवायचाच नाही, झोत तिकडे फिरकतच नाही. त्यामुळे रेघा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ. आणि गोळी? गोळी म्हणजे एक ठिपका. झोत पूर्ण ताकदीने एकाच जागी क्षणभर थांबतो आणि तिथला फॉस्फर असा पेटतो की अंधाऱ्या खोलीत डोळे दिपतात. एलसीडीवर हा खेळ दाखवता येतो, पण तिथे सगळ्यात पांढरा ठिपका पांढऱ्या कागदाइतकाच पांढरा असतो, त्यापुढे जाता येत नाही. म्हणून ज्यांनी मूळ यंत्र खेळलंय ते एम्युलेटरवर समाधानी होत नाहीत. हा नुसता जुन्या आठवणींचा लळा आहे असं मला आधी वाटायचं. पण सर्किट वाचल्यावर पटतं की फरक मोजता येण्यासारखा आहे.

या पडद्याचं चॅसी इलेक्ट्रोहोम या कॅनडातल्या कंपनीचं, मॉडेल जी०५. झोत वळवणारं सर्किट बिघडलं तर झोत मधोमध अडकून फॉस्फरला भोक पाडेल, म्हणून त्यात झोत विझवणारं एक रक्षक सर्किट आहे आणि ते चालू झालं की लाल दिवा लागतो. मरत चाललेल्या कुठल्याही यंत्राचं मागचं दार उघडा, बहुतेक वेळा पहिलं दर्शन त्या लाल दिव्याचं. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, नव्या पिना, सगळं मिळून पन्नास ते शंभर डॉलर. (पण घरी प्रयोग करायचा असेल तर एक सूचना. ट्यूबच्या बाजूला जी रबरी टोपी असते तिथे दहा हजार व्होल्टच्या वर प्रकरण असतं, आणि वीज बंद केल्यावरही ते तिथे बसून राहतं. शिकलेल्या माणसाशिवाय हात घालू नका.)

इथपर्यंत ठीक. पण काचेची ट्यूबच गेली तर? मान फुटली, आतली निर्वात पोकळी गेली, किंवा रोज तोच खेळ दाखवून फॉस्फर इतका जळला की यंत्र बंद असतानाही काचेवर दगडांची भुतं दिसतात... तर नवी ट्यूब आणायची कुठून? कुठूनच नाही. आणि इथे ही अमेरिकेतली गोष्ट फिरून थेट मराठवाड्यात येते.

रंगीत पिक्चर ट्यूबचं जे तंत्र जगभर पसरलं ते आरसीए या अमेरिकन कंपनीने १९५० मध्ये दाखवलं. १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आरसीए विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचा टीव्हीचा धंदा थॉमसन या फ्रेंच कंपनीला देऊन टाकला. थॉमसनने २००५ मध्ये आपला पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकला तो व्हिडिओकॉनला. औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) चितेगावात टीव्ही बनवणारी आपली व्हिडिओकॉन! पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्या सौद्यात आले. ट्यूबची काच ओतायला भरूचचा कारखाना होताच. जग सपाट पडद्यांकडे पळत असताना उलट्या दिशेने घेतलेली ही उडी. भारतासारख्या देशात ट्यूबचे टीव्ही अजून खूप वर्षं खपतील हा त्यामागचा हिशोब होता. तो थोडीच वर्षं खरा ठरला. २०१५ च्या सुमारास व्हिडिओकॉननेही ट्यूब बनवणं थांबवलं, आणि मोठ्या प्रमाणावर ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या अगदी शेवटच्या कंपन्यांत तिची गणना होते. पुढे २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

कुणी म्हणेल, थोड्याशा बनवा की पुन्हा, घेणारे हौशी आहेत. पण ट्यूब ही थोडीशी बनवायची वस्तूच नाही. काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, ती शनिवार-रविवार पेटवून सोमवारी विझवता येत नाही. लाखांनी विकल्या तरच परवडणारं गणित. जुन्या ट्यूबला नवं जीवन देणारे छोटे कारखाने असायचे. ते मान कापून नवी इलेक्ट्रॉन गन बसवायचे, भट्टीत तापवत आतली हवा ओढून घ्यायचे आणि काच परत सांधायचे. अमेरिकेतला असा कारखाना, आयोवामधला हॉक-आय, २०१० मध्ये बंद झाला आणि त्याची यंत्रसामग्री ओहायोच्या हिलियर्डमधल्या जुन्या टीव्हींच्या संग्रहालयाने उचलली. फ्रान्समधला कारखाना २०१३ मध्ये मिटला.

मग लोक काय करतात? भंगार! रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला एकोणीस इंची टीव्ही उचलायचा, त्यातली ट्यूब काढायची, तिच्या मानेवरची कॉइल आपल्या चॅसीशी जुळते का मोजायचं आणि यंत्रात बसवायची. किंमत शून्य डॉलर, अधिक तसा टीव्ही मिळेपर्यंतची वाट. दरवर्षी रस्त्यावर येणारे टीव्ही कमी होत चाललेत. शीटमध्ये हा एकच रकाना असा आहे की जिथे मी आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह टाकलं. दीडशे डॉलरचा एलसीडी बसवला की प्रश्नचिन्ह जातं, पण मग ती गोळी पण जाते.

आता बेरीज. ट्यूब शाबूत असलेल्या, पण बाकी दुर्लक्षित यंत्रासाठी सुटे भाग सहा-सातशे डॉलर. काम ऐंशी ते शंभर तास, तेही डाख देता येणाऱ्या माणसाचे. अमेरिकेत २००९ साली ठरलेलं तासाला ७.२५ डॉलरचं किमान वेतन लावलं तरी शंभर तासांचे ७२५ डॉलर, म्हणजे मजुरी भागांच्या वर जाते. कसबी मेकॅनिकचा दर लावलात तर यंत्राची विक्रीची किंमत कधीच मागे पडते. धंदा म्हणून हे बसत नाही. बसतं फक्त तिथे, जिथे कुणी आपले तास मोजत नाही. (इथे आपल्या टाइमशीट भरणाऱ्या जमातीने एक मिनिट शांत राहावं. :) )

आता तो मघाशी पुढे ढकललेला वाद. १९८१ मध्ये निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या नवख्या शाखेकडे ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची सुमारे दोन हजार कपाटं पडून होती. तीन हजार मागवली, हजार कशीबशी खपली. मिनोरू अराकावा आणि मोजक्या सहकाऱ्यांनी त्याच कपाटांचे बोर्ड बदलून, पाट्या बदलून त्यात नवा खेळ घातला. तो खेळ म्हणजे ‘डाँकी काँग’. शिगेरू मियामोतोचा, ज्यात मारियो पहिल्यांदा दिसला. ती पहिली कपाटं लाल, नंतरची निळी. तेव्हा आज कुणाला असं लाल कपाट सापडलं तर त्याने ते कुठल्या साली न्यावं? ‘रडार स्कोप’ आज दुर्मीळ, म्हणजे मागे नेलं तर एक दुर्मीळ यंत्र तयार होईल. पण त्यासाठी पहिल्यावहिल्या ‘डाँकी काँग’पैकी एक मोडावं लागेल. ‘अॅस्टेरॉइड्स’चंही तेच. मागणी इतकी आली की अटारीने आधीच्या ‘लुनार लँडर’चं उत्पादन थांबवलं, आणि पहिली दोनशे ‘अॅस्टेरॉइड्स’ निघाली ती ‘लुनार लँडर’च्या कपाटांतून. ‘मिस पॅकमॅन’ तर मुळात दुसऱ्याच एका कंपनीने पॅकमॅनवर बसवायला केलेला जोडबोर्ड, मिडवेने तो विकत घेतला आणि १९८२ मध्ये अधिकृत केला. तिचा अस्सल बोर्ड म्हणजे पॅकमॅनचाच बोर्ड आणि वर एक जोडकार्ड.

थोडक्यात ‘मूळ रूप’ नावाची गोष्ट कारखान्यातच डळमळीत होती. नंतर ऑपरेटरांनी ती आणखी हलवली. १९८३ मध्ये धंदा बसल्यावर नवं यंत्र घेण्यापेक्षा जुन्या कपाटात नवा बोर्ड टाकणं कितीतरी स्वस्त पडायचं. १९८५ मध्ये जपानमधून जामा नावाचं वायरिंगचं प्रमाण आलं, आणि बोर्ड बदलणं प्लग काढून लावण्याइतकं सोपं झालं. १९८०ची चित्रं काळ्या रंगाखाली, त्यावर १९८७चं स्टिकर, त्यावर १९९२चं. मी स्वतः जुन्या चित्रावर नवी प्रत चिकटवण्याच्या विरोधात आहे, जोपर्यंत जुनं निदान निम्मं तरी दिसतंय. ओरखडे काय, प्रतीवर पुन्हा पाडता येणार नाहीत. पण पायच कुजलेलं कपाट केवळ ‘अस्सल आहे’ म्हणून तसंच ठेवणाऱ्यांचंही मला पटत नाही. भुसा परत घट्ट होत नसतो. संग्रहालयांनाही यातून सुटका नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉटसारख्या ठिकाणी जुनी यंत्रं लोकांना खेळू देतात, म्हणजे दर तासाला थोडा फॉस्फर, थोड्या पिना खर्ची पडतात. बंद ठेवावीत तर फॉस्फर वाचतो, पण कपॅसिटर सुकायचे ते सुकतातच, आणि येणाऱ्याला दिसतं ते नुसतं कपाट.

एका बाबतीत मात्र हौशी मंडळींत बऱ्यापैकी एकमत दिसतं. मागचं दार उघडलं की आतल्या लाकडावर कधीकधी जुन्या मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी सापडतात, अमुक तारखेला अमुक भाग बदलला वगैरे. बाहेरून कपाट कितीही नवं केलं तरी त्या जागेवर रंग मारत नाहीत. आणि तळाशी, जिथे हात पोचत नाही तिथे, भुशात अडकलेल्या पावल्या निघतात. त्या माझ्या शीटमध्ये जमेच्या बाजूला आहेत. धरा दीड-दोन डॉलर.